मामांच्या सिनेमाला बारापैकी चार

पासो लार्गो,
बुधवार, शाळा सुटल्यावर

प्रिय आणि आदरणीय ओलेगारियो मामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना (डाव्याला थोडा जास्त), आणि समुद्राच्या वाऱ्याने अजून उडवून नेली नसेल तर तुमच्या तपकिरी टोपीलाही सुल्माचा मनापासून नमस्कार. खोकला कसा आहे? झोपताना छातीला तेल चोळता ना, की शूटिंगवाल्यांनी तो खोकलाही कथेत घेतलाय आणि आता बरा करायला मनाई आहे? इकडे मी ठीक. तुमच्या घराचं छप्पर ठीक. लिंबाला यंदा फळ इतकं आलंय की फांद्यांना टेकू द्यावे लागले. शेजारच्या पेर्लाबाईंना त्र्याऐंशीवं लागलं, आणि त्या इतक्या खणखणीत आहेत की गावाला त्याचा त्रास होतो.

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. पुढच्या बाजूचं दीपगृह छान आहे. मागच्या बाजूला तुम्ही दोन गोष्टी मागितल्यात. एक, 'ओलं सरपण' हा तुमचा सिनेमा गावात दाखवला तेव्हा मला कसा वाटला ते खरं खरं कळवायचं, शाळेत देते तसे बारापैकी गुण देऊन, आणि तेही पत्रानेच. कारण (तुमचेच शब्द) 'फोनवर तू गोड बोलतेस, पोरी, खरं फक्त लाल पेनाने लिहितेस.' दोन, नदीकाठच्या घराची कागदपत्रं तुमच्या ट्रंकेतून काढून पाठवायची, कारण दुसऱ्या सिनेमाचं काम आता संपत आलंय, खानावळीच्या ओतिलियाबाई समुद्राकडची खोली कायमची द्यायला तयार आहेत, आणि तुम्ही घर विकून तिथेच राहायचं म्हणताय. पहिली गोष्ट तुम्ही साडेपाच ओळींत लिहिलीत आणि दुसरी दीड ओळीत, तीही तिकिटाला वळसा घालून. मीही त्याच क्रमाने जाते. कागदपत्रांचं शेवटी.

तर मामा, सिनेमा मला आवडला नाही. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलंय, त्यामुळे ते आता पक्कं समजा. तुमच्या कामाला बारापैकी बारा. एवढे गुण मी बावीस वर्षांत दोनच मुलांना दिले आणि त्यातल्या एकाने कॉपी केली होती. पण सिनेमाला चार. (चारातले दोन नदीचे आहेत. ती छान दिसते. तिने कोणाच्या सांगण्यावरून काही केलेलं नाही.)

तुम्ही तो अजून सलग पाहिलेला नाही, म्हणून काय झालं ते नीट सांगते. आपलं जुनं थिएटर आता प्रार्थनेचं सभागृह झालंय, आणि तिथल्या धर्मगुरूंनी सिनेमाचं नाव ऐकूनच नकार दिला. मग क्लबातल्या बास्केटबॉलच्या मैदानावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि एका बास्केटला पडदा बांधला. शनिवारी संध्याकाळी सव्वादोनशे माणसं आली. तुमच्या बारशालासुद्धा एवढी नसतील. ऑगस्टची थंडी, पत्र्याचं छप्पर, प्रत्येकाच्या मांडीवर घोंगडी आणि काखेत थर्मास. पडद्यावरही हिवाळाच होता. फरक एवढाच की पडद्याच्या अलीकडे गरम तळलेल्या पोळ्या मिळत होत्या.

दिग्दर्शक लिसांद्रो स्वतः आला होता. (तो जन्माने आपल्या राजधानीचा, माँतेविदेओचाच, पण चौथ्या वर्षी आईबापांबरोबर बेल्जियमला गेलेला, आपली भाषा तो परक्याच्या घरचे कप धुतल्यासारखी जपून बोलतो. पोरगा चांगला आहे. त्याच्याविषयी पुढे काही वाईट लिहिलं गेलं तर ते सिनेमाविषयी समजावं.) त्याने सुरुवातीला सांगितलं की हा चित्रपट माणसाच्या एकाकीपणाविषयी आहे आणि कृपया शांतता राखावी. आपल्या गावाला हे सांगणं म्हणजे काय ते तुम्ही जाणता.

सिनेमात तुमचं नाव अन्सेल्मो. बायको वारलेली, मुलगी शहरात, घर नदीकाठी, म्हणजे तुमचंच, फक्त भिंतीचा निळा रंग त्यांनी राख फासून घालवलेला. पहिली वीस मिनिटं तुम्ही चूल पेटवता आणि सरपण ओलं असल्यामुळे ती पेटत नाही. एवढंच. वीस मिनिटं. आता त्या मैदानात बसलेला प्रत्येक पुरुष ओल्या लाकडाने चूल पेटवण्यात स्वतःला तालुक्यात पहिला समजतो. पाचव्या मिनिटाला मागून आवाज आला, 'साल काढ रे आधी!' सातव्याला दुसरा, 'साल काढून काय होणार? मधोमध फोड, आतलं कोरडं असतं.' दहाव्या मिनिटाला त्या दोघांचं आपसात जुंपलं. पडद्यावर तुम्ही इतके एकटे होतात, मामा, आणि पडद्याखाली तुम्हाला मदत करायला अर्धं गाव उठून उभं होतं.

मग कुत्रा मरतो. बेकरीवाल्यांचा मोरो. मेल्याचं काम त्याने अप्रतिम केलंय, जीभ जराशी बाहेर, एक पाय आकाशाकडे. पण मोरो स्वतः तिसऱ्या रांगेत खुर्चीखाली झोपला होता. तुम्ही त्याच्या नावाने हाक मारून रडायला लागलात तसा तो जागा झाला, तुमचा आवाज ओळखून पडद्यापर्यंत धावत गेला आणि तिथे उभा राहून शेपूट हलवायला लागला. त्याला खाली नेऊन बसवेपर्यंत पडद्यावर त्याचं दफन उरकलं होतं. लिसांद्रो शेवटच्या रांगेत डोक्याला हात लावून बसला होता.

आणि मग किटली. मामा, खरा घोटाळा इथे झाला. मुलगी फोन करून सांगते की या रविवारीही जमणार नाही. तुम्ही फोन ठेवता, येर्बाच्या पाल्यावर ओतायच्या पाण्याची किटली चुलीवर चढवता, खिडकीशी खुर्चीत बसता आणि बाहेर बघत राहता. पाणी तापतं. आता काढतील, असं आम्हाला वाटतं. वाफ येते. आता नक्की काढतील. पाणी उकळतं, किटली शीळ घालायला लागते, आणि तुम्ही बसूनच! पूर्ण चार मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली. लहान मूल रडत असतं तर लोकांनी सोसलं असतं, पण येर्बाचं पाणी उकळून जाताना, आता पाला करपून कडू होणार हे माहीत असताना, नुसतं बघणं हे आपल्या माणसाच्या सहनशक्तीपलीकडचं आहे. आधी कुजबुज झाली. मग कोणीतरी मोठ्याने 'अरे काढा ती!' म्हणालं. शेवटी पेर्लाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि पडद्याकडे बघून ओरडल्या, 'ओलेगारियो, पाणी जळतंय!' तुम्ही अर्थातच हलला नाहीत. त्या खाली बसल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'बघ, आता याला ऐकूही येत नाही. बिचारा.'

सिनेमा संपल्यावर लिसांद्रोने प्रश्न विचारा म्हटलं. अकरा प्रश्न आले, अकराही किटलीवर. तो बिचारा समजावत होता की उकळणारं पाणी हे अन्सेल्मोच्या मनात काय चाललंय ते दाखवतं. पेर्लाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बाळा, मनात काय उकळायचं ते उकळू दे. किटली काढून ठेवायची आणि मग दुःख करत बसायचं.' यावर टाळ्या पडल्या. त्या सबंध संध्याकाळी टाळ्या पडल्या त्या एवढ्याच.

(त्या दृश्याची आतली गोष्ट मला नंतर कळली. तुम्ही म्हणे अकरा वेळा हात पुढे करून किटली उतरवलीत, सवयीने, आणि अकरा वेळा चित्रीकरण फुकट गेलं. बाराव्या वेळी त्यांनी तुमचा उजवा हात मासे धरायच्या दोरीने खुर्चीला बांधला. राजधानीतल्या एका समीक्षकाने लिहिलंय, 'त्या थरथरणाऱ्या हातात एका पिढीची असहायता सामावली आहे.' ते कात्रण मी जपून ठेवलंय.)

आता चार गुण का, ते शिक्षिका म्हणून लिहिते. काळोख फार आहे; दिवसाढवळ्यासुद्धा तुमचं नाक कुठे संपतं ते कळत नाही. कोणी एकदाही हसत नाही, आणि आपल्याकडे तर मयताच्या घरीही कोपऱ्यात चौघे हसतच असतात. शेवटी सात मिनिटं बंद दरवाजा आहे. नुसता दरवाजा. तो उघडत नाही आणि सिनेमा संपतो. हे सगळं मी कमी मार्कांसाठी पुरेसं मानलं होतं, पण खरा आक्षेप मला दुसऱ्या दिवशी पेर्लाबाईंकडून मिळाला.

त्या म्हणाल्या, शूटिंगच्या पाच आठवड्यांत त्या अधूनमधून तुमच्यासाठी काहीतरी घेऊन आल्या, कधी सूप, कधी भात, कधी नुसतीच चौकशी. पण कंपनीने फाटकावर एक पैलवान उभा केला होता. त्याने त्यांना नऊ वेळा परत पाठवलं. फक्त त्यांनाच नव्हे, बेकरीवाल्यांना, टपालवाल्याला, तुमच्या तराफ्यावर तीस वर्षं नदी ओलांडलेल्या आणि सहज डोकावून जाणाऱ्या सगळ्यांनाच. (एका दृश्यात उजव्या कडेला क्षणभर एक बशी दिसते. ती पेर्लाबाईंची. तेवढी ते कापायला विसरले.) म्हणजे बघा मामा, आपल्या गावात दोन तासांचा एकटेपणा दाखवायचा तर त्याला राखणदार ठेवावा लागला. ज्या सिनेमात दोन तास कोणीच घरात शिरत नाही तो खोटा आहे, आणि खोट्याला मी चारच्या वर गुण देत नाही. असं मी पेर्लाबाईंना बऱ्याच आवेशाने सांगितलं. त्यांनी मान डोलावली, शेंगा सोलत राहिल्या आणि मग वर न बघता म्हणाल्या, 'मला त्या पैलवानाने अडवलं गं. तुला कोणी अडवलं होतं?'

मी म्हटलं मला पेपर तपासायचेत, आणि उठले. पेपर नव्हते.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते थोडक्यात सांगते. गावाला माहीत आहे की तुम्ही अन्सेल्मो नाही, मी तुमची मुलगी नाही, भाची आहे, आणि तुम्ही आता समुद्रावर दुसऱ्या सिनेमात दीपगृहाच्या राखणदाराचं काम करताय आणि रोज तळलेले मासे खाताय. हे सगळं माहीत असूनही गावाने मला माफ केलेलं नाही. खाटकाने विचारलं, 'बाई, मामांसाठी काही बांधू, की नेहमीसारखं काहीच नको?' औषधवाल्याने बिलावरून नजर न काढता सांगितलं, 'खोकल्याचं औषध पोस्टाने जातं हो, असं ऐकलंय.' आणि मंगळवारी चौथीच्या वर्गात मी सीमेवरच्या युद्धाची कारणं शिकवत असताना एका मुलीने हात वर केला. मला वाटलं कारणं विचारेल. ती म्हणाली, 'बाई, त्यांना कोरडी लाकडं नेऊन द्यायला किती वेळ लागला असता?' मी म्हटलं, अगं, तो सिनेमा आहे, मामांकडे चूल पेटवतच नाहीत, गॅसची शेगडी आहे, आणि सिलिंडर संपला की मी स्वतः फोन करून मागवते. मग मागच्या बाकावरून हळू आवाज आला, 'फोन करून?'

आता ज्यासाठी एवढी पानं भरून वेळ काढला ते लिहिते.

किटलीच्या दृश्यानंतर साधारण वीस मिनिटांनी दुसरं एक दृश्य आहे. तुम्ही टेबलाशी बसलाय. सकाळचं ऊन आहे (सबंध सिनेमात तेवढंच). तुम्ही भोपळ्याच्या तुंब्यात येर्बा भरता, हलवून एका बाजूला करता, नळी खोचता, पहिला तुंबा स्वतः पिता. मग रीतीप्रमाणे त्यातच पुन्हा पाणी ओतता आणि तो पुढच्याला द्यायला हात उजवीकडे पुढे करता. तिथे रिकामी खुर्ची आहे. हात तसाच राहतो. तुम्ही खुर्चीकडे बघतही नाही, बाहेर नदीकडे बघत असता, जसं कोणीतरी आत्ता घेईलच. मग तुम्हाला कळतं. तुम्ही हात मागे घेता आणि तो तुंबाही स्वतःच पिता, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. बस. त्या वेळी कोणी सूचना केली नाही. कोणी खोकललंसुद्धा नाही. मोरोही उठला नाही.

त्याच समीक्षकाने लिहिलंय की ती खुर्ची दिवंगत पत्नीची, आणि तिला देऊ केलेला तो तुंबा म्हणजे मृत्यूशी केलेला संवाद. मी ते वाचलं आणि पेपर उलटा करून ठेवला. इल्दामामींना येर्बा चालत नव्हती. पित्त व्हायचं. त्या आयुष्यभर लिंबाच्या पानांचा चहा प्यायल्या आणि तोही उभ्यानेच, ओट्याला टेकून. तुमच्या उजव्या हाताची खुर्ची त्यांची कधीच नव्हती.

ती माझी. नवव्या वर्षी मळ्यावरून मला शाळेसाठी तुमच्याकडे आणून सोडलं तेव्हा पहिलं वर्षभर मला नुसतं दूध मिळायचं. दहाव्या वर्षी एका रविवारी तुम्ही काही न बोलता हात उजवीकडे केलात आणि मी तो तुंबा घेतला. मामी म्हणाल्या, 'पोर झोपणार नाही हं आज.' तुम्ही म्हणालात, 'न झोपली तर आपल्याशी बोलेल.' मी आठ वर्षं तुमच्या घरात राहिले आणि नंतर नोकरी लागून गावात खोली घेतली तरी रविवार कधी चुकला नाही. मामी गेल्या तेव्हाही नाही. मग मला दुसऱ्या शाळेत तास मिळाले. एका रविवारी पेपर होते म्हणून फोन केला की आज जमत नाही. तुम्ही म्हणालात, 'ये तेव्हा ये, पोरी. नदी कुठे जातेय?' पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी नुसतीच झोपले. चौथ्या रविवारी येत नसल्याचा फोन करणंही मला उगाच वाटलं. मग आपलं बुधवारचं बोलणं सुरू झालं, तुम्ही बरे, मी बरी, सिलिंडर मागवते. तुमचं घर माझ्या खोलीपासून चौदा गल्ल्यांवर आहे. मी परवा चालत जाऊन मोजलं. त्या पहिल्या चुकलेल्या रविवाराला तीन वर्षं आणि चार महिने झाले.

लिसांद्रोला मी क्लबाबाहेर गाठलं होतं. विचारलं, ते उजवीकडे हात करणं तुझ्या कथेत होतं का? तो म्हणाला, 'नाही हो. त्या दिवसाचं काम संपलं होतं. मामांना वाटलं कॅमेरा बंद झालाय. मी चालू ठेवला.' मग जरा घाबरून विचारलं, 'का? काही चुकलंय का त्यात? किटलीसारखं?' मी म्हटलं, नाही, त्यात सगळं बरोबर आहे.

म्हणून मामा, वर दिलेले बारा गुण मी जरा घाईने दिले. चूल पेटवण्याचे, रडण्याचे, बांधलेल्या हाताचे गुण तुमचे, त्यात वाद नाही. पण त्या एका दृश्याचे गुण मी देऊ शकत नाही, कारण तिथे तुम्ही कोणतंच काम करत नव्हता. आणि सिनेमा मला आवडला नाही याचं कारण काळोख नाही, दरवाजा नाही, पैलवानही नाही. तुमचा हात पुढे येतो आणि तो तुंबा घ्यायला कोणी नाही, हे सव्वादोनशे माणसांत बसून बघायला मला आवडलं नाही. ते मी एकटीने बघायला हवं होतं, तुमच्या दारातून, आणि फार आधी.

आता कागदपत्रं. कार्डावर तुम्ही तिकिटाच्या कडेने अगदी बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथे बरं वाटतं. इथे कोणी येईल असं वाटत नाही, त्यामुळे बरं वाटतं.' ते मी आधी वाचलंच नव्हतं. मग चष्मा लावून वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचायचा प्रयत्न केला, तर तेच निघालं. घर तुमचं आहे, मामा. तुम्ही ते स्वतःच्या हातांनी बांधलं, तराफ्याच्या उरलेल्या फळ्यांनी, आणि ते ठेवायचं की विकायचं हे सांगण्याचा हक्क मला असलाच तर तो तीन वर्षं चार महिन्यांपूर्वी होता. समुद्राची हवा खोकल्याला चांगली म्हणतात. ओतिलियाबाई चांगल्या बाई असतील. खोलीला खिडकी आहे का तेवढं बघा, आणि खिडकी वाऱ्याच्या बाजूला नसावी. तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. याहून जास्त मी काही म्हणणार नाही.

ओतिलियाबाईंना नमस्कार. दुसऱ्या सिनेमात शक्य असेल तर एकदा तरी हसा. दीपगृहाच्या राखणदाराला त्याची मनाई नसावी.

तुमची भाची,
सुल्मा

ता. क. १. सिनेमा मी एकदाच पाहिला असं वर वाटतंय, पण तीनदा पाहिला. दुसऱ्यांदा जिल्ह्याच्या गावी, बसने जाऊन. तिसऱ्यांदाही तिथेच, शाळेत आजारी असल्याचं कळवून. (हे मुख्याध्यापकांना सांगू नका, त्यांनाही सिनेमा आवडलेला नाही, पण त्यांची कारणं वेगळी आहेत.) शेवटचा तो सात मिनिटांचा बंद दरवाजा आला की मला दर वेळी वाटतं, या वेळी कोणीतरी येईल. मूर्खपणा आहे, फिल्म एकदा बनली की बनली. गुण चारच राहतील.

ता. क. २. तुम्ही ठरवाल ते मान्य असं वर लिहिलंय ते खोटं आहे. विकू नका. किंवा विकायचंच असेल तर निदान माझ्याशी भांडून विका. कागदपत्रं मी ट्रंकेतून काढली आहेत, सगळी आहेत, मामींच्या अक्षरातली विहिरीची पावतीसुद्धा आहे. पण ती या पाकिटात नाहीत. ती माझ्या पिशवीत आहेत आणि मी ती घेऊन येतेय. शनिवारी दुपारची बस, राजधानीत बदलून, रविवारी सकाळी नऊला तुमच्या फाट्यावर. शाळेला सुट्टी कळवली आहे, या वेळी खरं कारण देऊन. तुम्हाला नको असेल तर ओतिलियाबाईंना सांगून ठेवा की तुम्ही शूटिंगला गेलाय. मला समजेल, मी संध्याकाळच्या बसने परत जाईन.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता लक्षात आलं की तिकडे टपाल पोचायला आठ दिवस लागतात. म्हणजे मी आधी पोचेन आणि पत्र नंतर. तेच बरं. मी समोर बसले की यातलं एक अक्षरही मला बोलता यायचं नाही, मी हवेविषयी बोलेन आणि तुमच्या खोलीचा केर काढेन. तेव्हा रविवारी मी दारात दिसले की 'कशाला आलीस?' असं मात्र विचारू नका, मामा. ते टपालाने येतंय.